बोट न लावता

मखमलाबाद नाक्याजवळ दोन खुर्च्यांचं पार्लर आहे माझं.
बोअरचं पाणी, इतकं जड
की बादलीच्या काठावर चुन्याचं कडं बसतं
आणि खरवडलं तरी निघत नाही.

मार्चअखेर सिंधू गांगुर्डे आली,
ओझरच्या पॅकहाऊसमधून, खाडा करून.
खुर्चीत बसली आणि डोक्याचा रुमाल सोडला.
कपाळावरून कानामागे, कानामागून मानेवर
तुटक्या केसांची एक गोल रेघ,
जणू कुणी दोरी धरून आखलेली.
"टोपीचं रबर," ती म्हणाली. "चौदा सीझन.
पेटीत एक केस सापडला
तर अख्खा कंटेनर परत येतो म्हणे."

धाकटीचं लग्न अक्षय्य तृतीयेला.
"सरळ करून दे. इस्त्री फिरवल्यासारखे. चकचकीत.
व्याही नाशिकरोडचे आहेत, बघणारे."

मशीन तापत ठेवलं होतं, दोनशे वीसवर लाल दिवा.
तिच्या खांद्यावर गळालेला एक केस मी उचलला,
चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं नेली:
गुळगुळीत.
टोकाकडून मुळाकडे: खरखर.
"बघ, तूही बघ."
तिनं बघितलं. "मांजराची जीभ," म्हणाली.

कोर्सला मॅडमनी सांगितलं होतं, क्युटिकल.
मी वहीत लिहून घेतलं,
'क्यु' ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच विचारलं.
आज समजावायची वेळ आली तेव्हा कौलं आठवली,
एकावर एक, उताराकडे तोंड करून,
आत पाणी शिरू नये म्हणून.
आणि हे मशीन म्हणजे...
मी अडखळले.
कौलं तर आधीच भट्टीतून आलेली असतात.

सिंधू हसली नाही.
"लव म्हण की," म्हणाली.
"मण्यावर असते ती, पांढरट, धुरासारखी.
घड देठालाच धरायचा.
बोट लागलं की तेवढाच मणी उघडा पडतो,
आणि तिथूनच सुकत जातो.
नव्या पोरींना पहिला आठवडा मी दुसरं काही शिकवत नाही.
पुसून चकचकीत केलेला घड
आमच्याकडं बाहेर काढतात, लोकलला."

मग दोघी गप्प. पंखा तेवढा बोलत होता.
मी बटण बंद केलं.
साडेतीन हजार, मनातल्या मनात, गेले.
भाडं अजून द्यायचं होतं.

टोकांना खोबरेल लावून अर्धा तास बसवलं तिला.
पिण्याच्या जारमधल्या गार पाण्यानं केस धुतले.
टॉवेलनं घासले नाहीत,
धोतराच्या जुन्या फडक्यात दाबून दाबून पाणी टिपलं,
वाळेपर्यंत फणीला हात लावला नाही,
तिच्या जावेच्या तक्रारी ऐकल्या.
मग खालून, टोकाकडून,
एकेक गुंता सोडवत वर चढत गेले.
माझ्या जुन्या परकराची साटीनची पट्टी फाडून दिली,
टोपीच्या आत, रबराखाली बांधायला.

"हे तुटलेलं नाही जुळायचं," मी म्हटलं.
"माहितेय," ती म्हणाली. "गेलेली लव येत नाही.
पुढच्या छाटणीचं बोल."

लग्नापर्यंत रेघ तशीच राहणार होती.
गजरा जरा पुढे माळू, एवढं ठरलं.

किती झाले, तिनं विचारलं. मी शंभर म्हणाले.
तिनं पिशवीतून घड काढला,
मी हात पुढे केला,
"देठ!" ती ओरडली.
उशीर झाला होता.

रात्री आम्ही सगळा घड खाल्ला.
अंगठ्याचा ठसा उमटलेला तो एक मणी
बशीत ठेवला.
चार दिवसांनी तो सुरकुतायला लागला,
तिथूनच.