पायीची वहाण

पायीची वहाण पायीच बरी,
ही म्हण येर्नेयाच्या कानावर कधी गेली नसावी.
गेली असती, तर तिने
आधी डावा बूट काढला असता
आणि मग ऐकून घेतली असती.

शनिवारी उजाडायच्या आत
येसेनित्सेच्या स्टेशनावर आम्ही चौघं.
ती, तिचा भाऊ तादेय,
बेकरीतला विंको, पीठ अजून भुवयांवर,
दिवसाला चार शब्द बोलणारा,
आणि मी. कॅमेरा माझ्याकडे,
कारण मला एका पायावर उभं राहता येत नाही.

सोमवार ते शुक्रवार ती
करखात्याच्या काचेमागे बसते.
हा अर्ज नाही, तो.
तो नाही, हा.
सही इथे. इथे नाही, इथे.

पहिल्यांदा झालं ते च्र्ना पर्स्तवर.
नावाचा अर्थ काळी माती,
आणि माती खरंच काळी,
बुटाच्या शिवणीत शिरते ती
बुधवारपर्यंत ऑफिसच्या फरशीवर सांडत राहते.
बुटात खडा गेला होता.
तिने बूट काढला, झटकला,
खाली ठेवावा तर उतार,
एका हातात थर्मास, दुसऱ्यात विंकोचा पाव.
म्हणून डोक्यावर ठेवला.
एवढंच.
माझं बोट बटणावर होतं.

आता त्याचं शास्त्र झालंय.
बूट डावाच.
नाडी कानामागून सोडायची.
उजवा पाय रोवलेला, डावा बगळ्यासारखा दुमडून,
मोज्याला भोक असेल तर ते दिसलंच पाहिजे.
आणि हसायचं नाही. चेहरा पासपोर्टावरचा.
मागे इटली आहे की ऑस्ट्रिया
याची चौकशी ती नंतर करते.

एकदा वाऱ्याने बूट नेला.
टप्पे खात, मेंढ्यांना चुकवत,
आमच्यापेक्षा शहाण्या वाटेने खाली गेला.
विंको त्याच्यामागे उतरला
आणि तासाभराने वर आला तेव्हा
त्याने आठवड्याचे सगळे शब्द
एका दमात वापरून टाकले.
ते इथे लिहिता येणार नाहीत.

गोलित्सावर एक म्हातारा भेटला,
टोपीला पीस, काठीवर गावोगावचे बिल्ले.
म्हणाला, पोरी, डोंगराचा काही मान ठेव.
ती तशीच उभी, एका पायावर, जराशी डुलत.
म्हणाली, तळव्याला त्याचीच माती आहे, आजोबा.
डोक्यावर घेतलीय.
म्हातारा पुटपुटत खाली गेला.

मंगळवारी तोच माणूस काचेपलीकडे,
हातात चुकीचा अर्ज.
त्याने आधी तिच्या डोक्याकडे पाहिलं,
मग मान लांब करून
टेबलाखाली पायांकडे.
सगळं जागच्या जागी होतं.
हा नाही, तो, ती म्हणाली.
त्याने टोपी काढली आणि रांगेत परत गेला.
हे तिने आम्हाला गाडीत सांगितलं,
तोच चेहरा करून.

आणि हा शेवटचा, स्टोलवरचा.
स्टोल म्हणजे खुर्ची.
आठवडाभर खुर्चीत बसून
शनिवारी पुन्हा खुर्चीच गाठली, असं तादेय म्हणाला,
आणि मग धुकं आलं, तादेयही दिसेना.
काढ, ती ओरडली कुठूनतरी.
काय काढू? काही दिसत नाही.
मला दिसतंय का? काढ तू. पाय दुखतोय.

खाली झोपडीत, सूप येईपर्यंत,
आम्ही तो फोटो टेबलावर ठेवला.
पांढरा. कडेपासून कडेपर्यंत
विंकोच्या पिठाच्या पोत्यासारखा.
हा मोजायचा का, तादेयने विचारलं,
कारण धरला तर एकेचाळीस.
ती नाडी बांधत होती, वर न बघता म्हणाली, धर.

मग कुणीतरी विचारलं, बूट कुठाय?
तादेयने बोट ठेवलं डावीकडे वर.
मी मधोमध.
विंकोने चमचा खाली ठेवला,
बराच वेळ बघितलं,
आणि अगदी कोपऱ्यात, फ्रेमच्या जवळजवळ बाहेर
नखाने दाखवलं.
इथे, तो म्हणाला.
नाडी सुटलीय.