पाचवं कडवं

आगशीत, वांग्यांच्या मळ्याच्या कडेला,
खुरसाकडे आज लादाईन आहे.
पिएदाद बायनं सकाळीच चुन्याचा हात दिलाय खुरसाला,
थोडा चुना तिच्या कानावर राहिलाय.
आंब्याच्या फांदीला ट्यूबलाइट बांधलेली, तिच्याभोवती किडे.
कैतान मेस्ताच्या व्हायोलिनची एक तार तुटलेली,
तिथं त्यानं गळाची तंगूस ओढून बसवलीय.
जरा घोगरी बोलते, पण बोलते.

पहिली मेणबत्ती खुरसाला नाही.
ती जाते मागच्या रोयणीपाशी,
रस्ता रुंद करणाऱ्यांनी वळसा घातला त्या वारुळापाशी.
नवीन होते तेव्हा मी कारण विचारलं होतं.
"खुरसाकडे वारा असतो," म्हणाली.
वारा नव्हता त्या दिवशी.

मग लॅटिन. पोरं न कळणारे शब्द
दाढेखाली घोळवतात,
ओरा प्रो नोबिस, ओरा प्रो नोबिस,
डोळे परातीवर:
उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या.

मग सायबिणीचं गीत.
पुस्तकात चार कडवी,
पुस्तकाला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं कव्हर.
चौथं संपतं, पुस्तकं मिटतात,
आणि मान न उचलता पिएदाद बाय पाचवं सुरू करते:

सायबिणी, व्हड्यार चडटना
पांय भिजले गे तुजे?
काळोखांत दिवो कोणें धरलो?

नाझारेथला कुठून आली जुवारी?
कसलं होडकं, कसला काळोख?
नवे पाद्री, फादर रोमाल्द, पान उलटून बघतात,
परत मागचं बघतात,
मग पुस्तक पाठीमागे धरून
नुसते उभे राहतात. दुसऱ्या ओळीला त्यांचेही ओठ हलतात.

माझं माहेर पलीकडे, अंत्रुजात.
आमची देवी ह्याच काठावरून गेली म्हणतात,
टोपलीत, आबोलीखाली,
वल्ह्याचा आवाज होऊ न देता.
दिवजांच्या रात्री वाती भिजवताना
आई एकच ओळ गुणगुणायची,
"पल्याड दिवा आता कोण गं लावी?"
पुढचं विसरली असेल, असं मला वाटायचं.

पिएदादला हे मी अजून सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती आधी विचारील,
बाय, पण सुकी पोहोचली ना ती?
आणि ते मला माहीत नाही.
आईला विचारायचं राहून गेलं.

चणे वाटून होतात. फेणीची पहिली धार
कुणीतरी रोयणीच्या बुडाशी सांडतं,
हात हलल्यासारखं करून.
कैतान तंगूस सोडवून बोटाला गुंडाळतो.
पहाटे भरती आहे, त्याला गळ टाकायचाय.