ओहोटीचा नियम

मरोळ, चौथा मजला. नऊला एसी बंद झाला,
आता साडेदहा. की-बोर्डवर घामाचे ठसे.
माझी ब्रँच अकरा दिवसांची, सतरा कमिटची,
मेन तोवर कुठल्या कुठे गेलेली.
इक्बाल मुकादम बॅग खांद्याला लावून निघताना म्हणाला,
"मर्ज नको हं. रीबेस कर.
इतिहास सरळ दिसला पाहिजे."

पहिले दोन कमिट निमूट चढले.
तिसऱ्यावर अडलं.

फाइल भाऊच्या धक्क्याची, मोऱ्याच्या लाँचचं वेळापत्रक,
ओळ एकशे बेचाळीस.
मी लिहिलं होतं: पाणी सव्वा मीटरच्या खाली, फेरी रद्द.
हर्षला तांडेलने लिहिलं होतं: पाणी सव्वा मीटरच्या खाली,
चाळीस मिनिटं थांबा.
वर सात टोकदार कंस, खाली सात टोकदार कंस
आणि मधोमध सात बरोबरची चिन्हं,
जिथे काहीच बरोबर नाही, नेमकी तिथे.

आपलं ठेवायचं, की त्यांचं?
हा काय प्रश्न झाला. मी म्हटलं, आपलं.
पुढेही जिथे जिथे अडलं, तिथे डोळे झाकून
आपलं, आपलं, आपलं.

यशस्वी, असं आलं.
टेस्ट चालवल्या, तर माझा नियम कुठेच नाही.
सगळीकडे हर्षलाची चाळीस मिनिटं.

रीबेसमध्ये उलटं असतं.
आपलं घर उचलून आपण दुसऱ्याच्या जोत्यावर मांडायला जातो,
म्हणून जोतं ज्याचं, 'आपलं' त्याचं.
आणि हातात वीट घेऊन उभे असलेले आपण,
आपण 'ते'.
हे मला माहीत होतं. मुलाखतीत विचारलं असतं
तर घडाघडा सांगितलंही असतं.

रिफ्लॉगमध्ये मात्र सगळं असतं,
कुठून निघालो, कुठे घसरलो.
टाकून दिलेलंसुद्धा महिनाभर तरी तिथे पडून राहतं.
माझे सतरा सापडले, धडधाकट.

पुन्हा तिसरा कमिट. पुन्हा एकशे बेचाळीस.
आता कुणाचंच उचललं नाही. फोन लावला.
हर्षला कुलाब्याच्या कोळीवाड्यात,
मागे टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.
"चाळीस मिनिटं कुठून आणलीस?" मी जरा वाकड्यातच.
"बाबांना विचारून. छत्तीस वर्षं लाँच चालवली त्यांनी.
तू सव्वा मीटर कुठून आणलंस?"
"सर्क्युलरमधून."
ती हसली नाही. फोनवर हात ठेवून
आतल्या खोलीत काहीतरी विचारलं.
मग म्हणाली, "बाबा म्हणतात, उधाण असेल तर तुझं खरं,
पार चिखल उघडा पडतो, थांबून करणार काय?
भांगाला पाणी फार उतरत नाही. तेव्हा माझं.
तिथी कुठे आहे रे आपल्या कोडमध्ये?"

नव्हती.
तिच्या ओळीत नव्हती, माझ्याही.

मी खुणा पुसल्या, एकवीस चिन्हं, मोजून.
दोन्ही ओळी ठेवल्या, वर तिसरी चढवली
जी दोघांपैकी कुणाचीच नाही.
कंटिन्यू.
नवव्यावर तेच भांडण पुन्हा,
जणू मघाशी काही बोलणंच झालं नव्हतं.
बाराव्यावर नुसता एक स्वल्पविराम.
वॉचमन येऊन दिव्याकडे बघून गेला.

सव्वाला संपलं.
सतराही जणांना नवे नंबर मिळाले, चाळीस चाळीस अक्षरांचे.
काम तेच, ओळखपत्र दुसरं.
लॉगमध्ये एक सरळ रेघ,
आधी हर्षलाचं, त्याच्यावर माझं, फाटा कुठेच नाही.
वाचणाऱ्याला वाटेल, तिचं संपेपर्यंत मी थांबलो,
नीट वाचलं,
आणि मग माझी पहिली ओळ लिहिली.

अकरा दिवस ती माझ्या डावीकडच्या खुर्चीत होती.
मी कानांत हेडफोन घालून.