पत्त्याचा रकाना

वाघोलीला, खडीच्या ढिगामागं,
सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथं अजून भिंती नाहीत,
राहते मुखेडची रागिणी सोनकांबळे,
वय दोन वर्षं एक महिना.
ॲप विचारतं: घर क्रमांक?
मी लिहिते: व्हायचाय.
ॲपला भविष्यकाळ चालत नाही.

जूनमध्ये दंडाची पट्टी लाल होती,
ऑगस्टात पिवळी.
मधे काय झालं, त्याला रकाना नाही:
अंडं कुस्करून भातात लपवायचं,
मांडीवर खात नाही, सिमेंटच्या गोणीवरच बसते,
नजर सळया वाकवणाऱ्या आईकडं,
तेवढ्यात घास.

सोमवारी गेले तर
तिसऱ्या मजल्यावर टाइल्सची खोकी.
मुकादम म्हणाला, मोशीला हलवलं सगळ्यांना.
ॲपनं विचारलं: नाव वगळण्याचं कारण?
मी फोन पालथा ठेवला.

मग सुलटा केला, मोशीच्या शैनाजबाईंना लावला.
ओळख एवढीच, प्रशिक्षणात एकदा डबा वाटून खाल्लेला.
म्हटलं, नव्या साइटवर बघा,
पिवळी आहे, हिरवी व्हायला आलीय.
त्या म्हणाल्या, माझ्या यादीत नाही हो ती.
थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज.
मग म्हणाल्या,
गोणी भरलेली लागते, का रिकामी चालते?