चौथा रकाना

तासगावच्या अलीकडे, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
मी रात्रपाळीला असतो.
दर तासाला वहीत लिहायचं :
वेळ, चेंबरचं तापमान, कॉम्प्रेसरचा दाब.
पारा चढला तर बेदाणा काळा पडतो
आणि शेतकरी माझ्या नावानं शंख करतो.

मिरजेच्या शिरगुप्पे मॅडमना
आधी हे सगळं सांगितलं, कामाचं.
दुसरं सांगायला तीन खेपा लागल्या.
तेही खिडकीकडे बघून.
खाली एकजण सतारीचा भोपळा
सायकलला बांधून नेत होता,
तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बोलून टाकलं.

त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.
शपथ घ्या, असंही म्हणाल्या नाहीत.
(घेतल्या होत्या. बाहुबलीच्या डोंगरावर एक,
आईची गळ्याशपथ एक, ती अकरा दिवस टिकली.)
म्हणाल्या, वहीत तीन रकाने आहेत ना,
मागच्या पानावर चौथा आखा.
हात मोबाईलकडे गेला की लिहा,
आधी काय झालं.

आधी काय होणार?
रात्र झाली. एकटा होतो. पुरुष आहे.
"हे तर रोजचंच. त्या दिवशीचं लिहा."

तर लिहिलं.

११ तारीख, २.४०. आधी काही नाही.
१४ तारीख, १.१५. आधी काही नाही.
१४ लाच परत. आधी : काही नाही असं खोटं लिहिलं, त्याची लाज.
१९. कवठेमहांकाळहून निरोप आला.
मुलगी शिकलेली आहे, कळवतो.
कळवतो म्हणजे काय ते मला तेरा वेळा कळलंय.
आई भाकरी थापत राहिली,
तिचं ते न थांबणं मला दिसलं.

२३. मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं,
धनपाल, डिप्लोमा केलास का गवत उपटलंस?
सगळे हसले. मी जरा जास्तच.
ते हसू तोंडावरून उतरायला पहाटेचे तीन वाजले,
आणि उतरवलं कुणी, तर पडद्यावरच्या
नाव नसलेल्या एका बाईनं,
जी मला हसत नाही.
हे खोडलं. मग परत लिहिलं.

मला वाटायचं, ही भूक आहे.
चार पानं भरल्यावर बघतो
तर भुकेची नोंद एकच.

२ तारीख. पगार सातशेनं वाढला.
सांगायला कुणी जागं नव्हतं.
त्या रात्रीही.
याचा अर्थ मला लागला नाही.
मॅडमना लागला असेल, त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो
तेव्हा एकदम कान मोकळे होतात,
आणि दिवसभरातली बोलणी येऊन उभी राहतात,
हंगामात ट्रक लागतात तशी, पार रस्त्यापर्यंत.
मी गेटच उघडत नव्हतो.
अंगठ्यानं पडदा सरकवत बसायचो,
ट्रक तिथंच, इंजिन चालू.

काल परत एक निरोप आला. इस्लामपूरचा.
रात्री ३.१० ला हात गेला.
मोबाईल वहीखाली दाबला, बाहेर आलो.
गेटवर बाबासो आवटी शेंगा फोडत बसलेला.
"का रं, झोप येईना?"
"इस्लामपूरचं मोडलं," म्हटलं.
एवढंच. पण मोठ्यानं.
त्यानं मूठभर शेंगा माझ्यापुढं सारल्या,
त्यातल्या दोन खवट निघाल्या.

परत आलो तर नोंद वीस मिनिटं चुकलेली.
ती लिहिली. दाब ठीक.
पाच वाजता हात पुन्हा गेला, आणि गेलाच.
तेही लिहिलं.

सकाळपाळीच्या सुकुमारनं वही उलटी धरली.
"मागं काय एवढं लिहितोस?"
"तापमानच," म्हटलं,
आणि डबा घेऊन सायकलीकडं चालायला लागलो.