काज

म्हापशाच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेमागे
अप्पांचं शिलाईचं दुकान,
तिथून मागून आणली पाच बटणं,
कोट न्यायला परत न आलेल्या
कुणा नवरदेवाची,
रुपयाच्या नाण्याएवढी.

'शैक्षणिक साधन स्वतः तयार करा, गुण दहा.'
लाकडी चौकट, दोन फडकी,
आणि चौतिसाव्या वर्षी मी
सुईत दोरा ओवायला शिकले नीट.

'शर्टाचं बटण लावणे' या कामाचे
टप्पे पाडून आणा, म्हणाल्या फिलोमिना मिस.
मी लिहिले पाच.
त्यांनी वही परत सरकवली.
अप्पांना विचारलं, तुम्ही कसं लावता?
पन्नास वर्षं काजं केलेला माणूस
स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन थबकला,
बोटांकडे बघत राहिला,
आणि मग त्याला ते जमेचना.
'विचारू नको गो,' म्हणाले, 'विसरतो.'

रात्री आरशासमोर लावत, काढत
चौदा झाले.
नववा टप्पा : बटणाची कड काजातून डोकावते
तेव्हा एक हात सोडतो
आणि दुसऱ्याला ते कळतं.
कसं कळतं, ते लिहिता आलं नाही.

जोव्हितो नऊ वर्षांचा.
पदेराच्या सायकलचा भोंपू वाजला
की टेबलाखाली जातो.
'तो उलयना,' आई म्हणाली पहिल्या दिवशी,
'पूण ताका सगळें कळटा,'
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की हे मला कळतंय का.

तेरा टप्पे मी करायचे, शेवटचा त्याने.
मग बारा मी. मग अकरा.
उलटं शिकवायचं, शेवटाकडून,
म्हणजे रोज पोरगं काम पुरं करूनच उठतं.
हातावर हात,
नंतर मनगटावर दोन बोटं,
नंतर कोपराला नुसता स्पर्श,
नंतर काहीच नाही.
हे 'काहीच नाही' मला महिनाभर येईना.
'तुझा हात फार बोलतो,' मिस म्हणाल्या.
मग मी तो मांडीखाली दाबून बसायला लागले,
मुंग्या येईपर्यंत.

परीक्षेला बाहेरच्या बाई आल्या, पणजीहून,
त्यांच्या पर्सची साखळी वाजत होती.
जोव्हितोने चौकट ओढून घेतली
आणि लावलेली पाचही बटणं
काढली. एकेक. न बघता.
पाचवं ओठांना लावून गार आहे का पाहिलं.

तक्त्यात 'लावतो' होतं,
'मदतीने लावतो', 'लावत नाही'.
बाईंनी तिसऱ्यावर खूण केली. सहा गुण.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं काहीतरी,
मिसनी ते खोडलं नाही.

घरी अप्पा दारात बसून
घामेजलेला शर्ट काढत होते
एका हाताने, दुसऱ्यात चहाचा कप.
'किती झाले गो तुझे टप्पे?'
'चौदा.'
'आणि काढायचे?'

खालचं बटण अडलं होतं.
मी पुढे झाले,
थांबले,
हात मागे धरून
बघत राहिले.