इंचभर टाका, दोन इंच मोकळं

मागच्या उजव्या चाकाशी जॅक लावून
दस्तगीर म्हणाला, आता पुढचं डावं दार लावा बघू.
लागेना.
काल रात्रीपर्यंत लागत होतं,
घराखालच्या सपाट फरशीवर,
एका बोटानं.

“गाडी नव्हं ओ ही, दुरडी हाय.
एक कड उचलली की सगळी पिळूलालीय.”

निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याकडून
अडतीस हजारांना घेतलेली,
एकोणनव्वद सालची वन-वन-एट.
बहीण म्हणाली, भंगार घेतलंस.
मी फाउंड्रीत हिशेब लिहिते,
भंगाराचा भाव मला किलोवर पाठ आहे.

वळणावर ती काय करायची ते सांगते.
स्टिअरिंग फिरवलं की आधी नाक वळायचं,
मग मधलं अंग विचारात पडायचं,
आणि शेपटीला निरोप पोचेपर्यंत
वळण संपलेलं असायचं.
मी स्प्रिंगा बदलल्या. रुंद टायर घातले.
पुण्याहून डँपर मागवले, दिवाळीचा बोनस त्यात गेला.
दस्तगीरनं सगळं ऐकून घेतलं
आणि विचारलं,
“भिंतच हालत असली तर
बिजागरी बदलून काय व्हतंय?”

उद्यमबागेत, लेथच्या दोन शेडांमधल्या बोळात,
त्यानं आणि मल्लेशनं सीटा काढल्या,
गालिचा फाडला, डांबराचे थर खरवडले.
(मल्लेश शिव्या कन्नडमध्ये देतो,
माफी मराठीत मागतो.)
पत्र्याच्या शिवणीतून तंबाखू निघाला,
बारीक, तपकिरी, कुणाच्या तरी खिशातला.
पहिली ठिणगी पडली तशी बोळभर वास सुटला
आणि आम्ही तिघंही शिंकलो.

कंपनीनं सदऱ्याला बटणं लावावीत
तसे ठिपके मारून पत्रे जोडलेले.
बटणांमधून अंग हलतं.
मी म्हटलं, मग सलग शिवून टाका.
“सलग मारला तर पत्रा भाजतोय, आकसतोय.
इंचभर टाका, दोन इंच मोकळं.
एकदा हिकडं, एकदा तिकडं.
मधी गार व्हऊ द्यायचं. च्या प्यायचा.”
आणि दारं?
“बंद ठेवूनच. उघडी ठेवून शिवली
तर जन्मात लागायची न्हाईत.”

दारांखालचे उंबरे आतून कुजलेले,
तिथं दोन मिलिमीटरचा पत्रा वाकवून बसवला.
बॉनेटखाली, दोन बुरुजांच्या मध्ये,
रायबागच्या साखर कारखान्याच्या भंगारातला पाइप.
मागे, ॲक्सलच्या वर, चार इंच मात्र
दस्तगीरनं तसेच सोडले.
राहिलं की, मल्लेश म्हणाला.
“ऱ्हाऊ दे. साकु.
सगळंच ताठ केलं
तर ताठपण जिथं संपतंय तिथनं चिरतंय.”
मल्लेशला पटलं नाही.
अर्धा तास वाद चालला, दोन भाषांत,
हातात पेटलेला टॉर्च घेऊन.
कोण बरोबर, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी जांबोटीवरून चोर्ल्याकडे काढली.
घाटातल्या पहिल्या वळणाला
सवयीनं मी जरा जास्तच फिरवलं.
गाडी वळली. लगेच. अख्खी.
मीच मागे राहिले.
वीस महिने तिच्या पिळाची भरपाई
मी खांद्यातून करत होते,
हे खांद्याला त्या दिवशी समजलं.

आता आतून इतकी शांत झालीय
की स्टिअरिंगच्या पेटीतली खडखड ऐकू येते.
ती आधीपासून असणार.

परतताना कणकुंबीला, टपरीसमोर,
एक चाक मुद्दाम दगडावर चढवून उभी केली.
उतरले.
दार लावलं, एका बोटानं.
टपरीवाला म्हणाला, बाई, चाकाखाली दगड आलाय.
म्हटलं, असू दे.
एक चहा द्या.